पॅनलवर लाल, शेडमध्ये चालू

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

आज काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते. मत नंतर.

१. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात आमच्या फर्मने नवं सभागृह तयार केलं. आज त्याची पूजा होती. पडदा, प्रोजेक्टर, दिवे, माईक, स्पीकर सगळं एका टच पॅनलवरून चालतं. त्याचा प्रोग्राम मी लिहिला आहे.

२. खंडेनवमी म्हणून शेडमधले सगळे माग बंद होते. सकाळी मेन स्विच पाडून माग पुसले, तेल घातलं, झेंडूचे हार घातले. मग मेन पुन्हा वर केला.

३. पूजेच्या थोडं आधी सोमशेखर सर, म्हणजे आमच्या फर्मचे मालक, मला म्हणाले, तू शेडमध्ये जाऊन तिथले स्पीकर बघून घे. माझा सहकारी प्रभु सभागृहात थांबला.

४. शेडमध्ये सगळे कामगार उभे होते. शिलाई खात्यातल्या बायकाही. बऱ्याच जणी सजवलेल्या मागांचे मोबाइलवर व्हिडिओ घेत होत्या.

५. सभागृहात टेबलावरचा माईक चालू होता. पॅनलवर ‘शेड’ हे बटण लाल होतं. लाल म्हणजे शेडकडे जाणारा आवाज बंद.

६. आवाज बंद नव्हता.

७. सर आणि कारखान्याचे मालक आत बोलत बसले होते. ते बोलणं शेडमधल्या सगळ्या स्पीकरवर स्वच्छ ऐकू आलं. बोलणं माझ्याविषयी होतं. ते शब्द आत्ता लिहीत नाही.

८. शेडचा ॲम्प्लिफायर भिंतीवर आहे. मी त्याच्या शेजारीच उभी होते. त्याचा स्विच कुठे आहे हे मला माहीत आहे. मी तो बंद केला नाही.

९. तो निंगप्पा मामांनी बंद केला. ते इथले जॉबर आहेत, मागांची दुरुस्ती बघतात. “बास की आता,” एवढंच म्हणाले.

१०. पूजा झाली. पूजेनंतर नावाला एक माग चालवतात आणि तो कारखान्याच्या मालकांच्या हातून चालू करतात. मालक शेडमध्ये आले नाहीत. निंगप्पा मामांनी मला पुढे बोलावलं. मी म्हणाले, मला माग चालवता येत नाही. ते म्हणाले, “बटणच तर दाबायचं हाय. तुमचंच काम की ते.” मी दाबलं.

११. मालकांनी पाठवलेला पेढ्यांचा खोका जवळजवळ भरलेला परत गेला. उकडत होतं, म्हणून असेल.

घरी आल्यावर दिसलं, माझ्या उजव्या तळहातावर मार्करच्या टोपणाचा गोल वळ आहे. मार्कर मी शेडमध्ये हातात घेतला होता. तो कधी खिशात ठेवला, आठवत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरी साडी नेसून आई-पप्पांबरोबर विहारात गेले. वंदना झाल्यावर शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, कीर्तीचं ते कारखान्याचं काम झालं का पुरं? आईने सांगितलं, काल उद्घाटन झालं. एक बटण दाबलं की पडदा खाली येतो, दिवे मंद होतात, प्रोजेक्टर लागतो, आणि हे सगळं हिच्या डोक्यातून निघालंय. काकू म्हणाल्या, नाव सर्वगोड आणि पोरगी मात्र मोजून बोलणारी. सगळ्या हसल्या. मीही हसले. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

शब्द आत्ता लिहिते. विसरायला नकोत, आणि वाढायलाही नकोत.

मालक म्हणाले, “पोरगी हुशार दिसती तुमची. कुठली?”

सर म्हणाले, “इथलीच. सर्वगोड आडनाव आहे.”

“हां.” मग मालकच पुढे म्हणाले, “माळशिरसला आमच्या ट्रस्टचं सभागृह होतंय, ते काम मी तुम्हालाच देतो की. पण ट्रस्टवर आमची जुनी माणसं हायत. आडनावं बघत्यात. तिला पुढं करू नका.”

“पुढं प्रभु राहील. काम तीच करेल, नाव प्रभुचं लागेल. आजसुद्धा बघा, पूजेच्या वेळी तिला शेडकडे पाठवलंय.”

“तिला कळलं म्हणजे?”

“कळलं तरी बोलणार नाही. ती बोलतच नाही हो. तेच तर बरंय तिचं.”

मग दोघे हसले. त्यानंतर निंगप्पा मामांनी स्विच बंद केला.

एवढंच आहे. जात हा शब्द कुणी उच्चारला नाही. शिवी नाही, आवाज चढलेला नाही. हा कागद कुणापुढे ठेवला तर तो म्हणेल, यात वाईट काय आहे? मी स्वतःलाही तसं विचारून बघितलं. मग शब्द पुन्हा ताडून बघितले, एकही वाढलेला नाही.

सरांचं हसणं मी आवाजावरून ओळखते. मी लिहिलेल्या आज्ञेने पहिल्यांदा पडदा खाली आला, तेव्हा ते असेच हसले होते. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसला गेले. वेळेवर.

सरांनी चहा मागवला. माझ्या कपात साखर कमी, हे त्यांच्या लक्षात असतं. म्हणाले, कीर्ती, धंद्यात समोरच्याला जे ऐकायचंय ते बोलावं लागतं. ते बोलणं आणि मनातलं बोलणं वेगळं असतं. मग म्हणाले, “चार वर्षांत मी तुला कधी कमी-जास्त बोललो का? सांग.”

मी म्हणाले, “नाही सर.” ते खरं आहे.

मग त्यांनी एक अहवाल पुढे केला. बायकांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहेत, ते फिरायला लागलेत, उद्या कुणी तक्रार केली तर कारखान्याकडे काहीतरी लेखी हवं, असं मालकांचं म्हणणं आहे. अहवालात दोन वाक्यं आहेत. पहिलं: प्रोग्राममधील त्रुटीमुळे शेडचा आवाज चालू राहिला. दुसरं: शेडमध्ये केवळ खरखर ऐकू आली, कोणतेही संभाषण समजण्यासारखे नव्हते. खाली माझं पूर्ण नाव छापलेलं आहे. चार वर्षांत फर्मच्या कागदावर माझं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच पाहिलं.

सर म्हणाले, चूक प्रोग्रामची आहे ना, मग सही तुझीच लागेल.

मी म्हणाले, कारण अजून सापडलेलं नाही. आधी कारण शोधते.

“ठरलं मग,” असं म्हणून ते उठले. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

घरी येताना बसमध्ये एक गोष्ट मनातून हलेना. सरांनी मला पूजेपासून लांब ठेवायचं म्हणून शेडमध्ये पाठवलं. शेडमध्ये नसते, तर मला हे कधीच कळलं नसतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रभुचा फोन. माळशिरसला या महिनाअखेरीस ट्रस्टच्या लोकांसमोर सगळं समजावून सांगायचं आहे, आणि ते त्याने सांगायचं आहे. त्याने विचारलं, प्रोजेक्टर बंद केल्यावर लगेच चालू का होऊ देत नाहीस तू? कुणीतरी विचारेलच.

मी सांगितलं, दिवा तापलेला असतो. आतला पंखा तो गार करतो. म्हणून ‘बंद’ नंतर ‘थांब’ ही आज्ञा घातली आहे. तेवढ्या वेळात पॅनल कुणाचंच ऐकत नाही. त्याने लिहून घेतलं. मग आणखी एक विचारलं, मग आणखी एक. सगळे प्रश्न बरोबर होते, म्हणून मी सगळ्यांची उत्तरं दिली.

फोन ठेवायच्या आधी म्हणाला, “तूच आली असतीस तर बरं झालं असतं. मला आत्ताच घाम फुटतोय.”

मी विचारलं, “ते बोलत होते तेव्हा तू आतच होतास?”

“यंत्रांच्या रॅकला हार घालत होतो.”

“बरं.”

“कीर्ती, मी काय करू, सांग. नाही म्हणू का सरांना?”

मी म्हणाले, तो तुझा प्रश्न आहे. हे थोडं कडक झालं असेल. पण याहून वेगळं मला सुचलं नाही, आणि अजूनही सुचत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

जेऊर.

दोन वर्षांपूर्वी तिथल्या एका शाळेचा हॉल मी केला होता. उद्घाटनाच्या दिवशी सर म्हणाले, ऊन फार आहे, तू गाडीत एसी लावून बस, काही अडलं तर बोलावतो. मी बसले. काही अडलं नाही. प्रभुला शाल आणि नारळ मिळाला. येताना त्याने नारळ मला दिला आणि मी तो घरी आणला. आईने त्याच्या वड्या केल्या.

मी आजपर्यंत तो दिवस चांगल्या दिवसांत धरत होते.

आणखी असे किती दिवस आहेत ते बघायला सुरुवात केली होती. मग थांबवलं. पप्पा गच्चीवर कपडे वाळत घालत होते. तिकडे जाऊन चिमटे देत उभी राहिले.

६ ऑक्टोबर, सोमवार

कारखान्यात गेले. कारण सापडलं. सविस्तर लिहिते, कारण ते माझ्या नावावर जाणार आहे आणि जायलाच हवं.

यंत्राला आज्ञा देण्याचे दोन प्रकार असतात. चांगल्या यंत्राला ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा दोन वेगळ्या आज्ञा असतात. ‘बंद’ म्हटलं की ते आधी कुठल्याही अवस्थेत असो, बंदच होतं. शिवाय त्याला विचारता येतं, तू आत्ता कसा आहेस? आणि ते उत्तर देतं. दुसऱ्या प्रकारात एकच आज्ञा असते: पलट. चालू असेल तर बंद होतं, बंद असेल तर चालू. ते यंत्र उत्तर देत नाही. ते आत्ता कसं असेल, हे आपण धरून चालायचं.

शेडचा जुना ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्रकारचा आहे. तो बदला, असं मी सुरुवातीला सांगितलं होतं. सर म्हणाले होते, मागांच्या खटखटीत ब्रह्मदेव बोलला तरी तिथं कुणाला ऐकू जाणार नाही, जुनाच चालव. मी चालवला. पॅनल आधीची अवस्था लक्षात ठेवील, असं लिहिलं. मग शेडमध्ये जाऊन तपासलं. माग चालू होते. मला स्पीकरमधून काही ऐकू आलं नाही, म्हणून ‘बंद आहे’ अशी खूण केली. ऐकू न येणं आणि बंद असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे कळतं. मी ती खूण केली.

आज खात्री करायला माग बंद हवे होते. निंगप्पा मामांना विचारलं, दोन-चार माग थांबवता येतील का? ते म्हणाले, “दोन-चार कशाला? समदे थांबवू की.” मी म्हणाले, उत्पादन बुडेल. ते म्हणाले, जॉबरनं माग बंद केला तर कुणी विचारत नाही, त्याला काहीतरी बिघाडच दिसला असणार. मग त्यांनी हात वर करून हवेत पंजा मिटला. शेडमध्ये बोलणं ऐकू येत नाही, म्हणून इथली माणसं हातांनी बोलतात. एकाने दुसऱ्याला खूण केली, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि एकामागून एक सगळे माग थांबले. बुधवारसारखीच शांतता झाली.

मी मेन स्विच पाडायला लावला, पुन्हा वर केला. जुना ॲम्प्लिफायर वीज आल्यावर स्वतःच आवाज चालू करून उठतो. पॅनलला मात्र आठवत असतं की आपण आवाज बंद केला होता. म्हणून पॅनलवर लाल, शेडमध्ये चालू. बुधवारी सकाळी पूजेसाठी मेन पाडला तेव्हा हेच झालं.

खात्रीसाठी सभागृहातल्या माईकवर कुणीतरी बोलायला हवं होतं. तिथे अजीजा आपा होती. ती कारखान्याच्या ऑफिसात आहे, पॅनल तीच चालवते. मी फोनवर तिला सांगितलं, माईकवर एक, दोन, तीन म्हण.

स्पीकरवर आधी खाकरण्याचा आवाज आला. मग आपाचा आवाज सगळ्या शेडभर घुमला: “हॅलो. हा सगळा प्रोग्राम कीर्ती सर्वगोड यांनी लिहिलेला हाय. कीर्ती सर्वगोड. ऐकू येतंय का तिकडं?”

शिलाईच्या बायका हातातलं काम ठेवून माझ्याकडे बघत होत्या. निंगप्पा मामांनी पंजा उघडला आणि सगळे माग पुन्हा सुरू झाले.

मी तिला एक, दोन, तीन म्हणायला सांगितलं होतं.

नंतर दुरुस्तीसाठी पॅनलजवळ गेले. आपा डबा उघडून बसली होती. मला ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. ऑगस्टमध्ये हे पॅनल मीच तिला शिकवलं. माझ्याकडे शिकलेल्यांत ती सगळ्यात लवकर शिकली. घरी रिमोट माझ्याच हातात असतो, नवरा मला कलेक्टर म्हणतो, असं तेव्हा सांगत होती. पहिला नियम मी तिला असा सांगितला होता: काहीही गडबड वाटली की विचार करत बसू नकोस, आधी मुख्य आवाज शून्यावर आण. ती पॅनलकडे न बघता ते करून दाखवायची.

मी विचारलं, बुधवारी आवाज शून्यावर का आणला नाहीस? पॅनल सभागृहाबाहेर शेडच्या बाजूला आहे, आणि तिथे तिच्या डोक्यावरच शेडचा एक स्पीकर आहे. तिला सगळं ऐकू येत होतं.

ती म्हणाली, “बटनच नाही सापडलं गे बेटा. घाबरून गेली मी.”

आपा घाबरल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. पण माणसं अचानक गोंधळतात. मी स्वतः स्विचजवळ उभी राहून तो बंद केला नाही, तेव्हा तिला काय विचारणार?

निघताना तिने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, “तेरा मशीन तेरेसे ज्यादा बोलता की.”

मी म्हणाले, मशीनमध्ये दोष होता, तो काढलाय.

“काढला?” तिने विचारलं. मग स्वतःशीच म्हणाली, “बरं.”

७ ऑक्टोबर, मंगळवार

शेडच्या स्पीकरच्या वायरीत रिले, म्हणजे पॅनलच्या हुकमाने जुळणारा-तुटणारा स्विच, बसवला. आता वीज आली की शेड आधी तोडलेलं असतं, आणि कुणी मुद्दाम जोडल्याशिवाय जोडलं जात नाही. रिलेला विचारलं तर तो उत्तर देतो. माग बंद करून तपासलं.

सरांचा फोन: सही? मी सांगितलं, कारण सापडलंय, लेखी देते. ते म्हणाले, लेखी तयारच आहे, फक्त सही कर. आणि माळशिरसचा प्रोग्राम तेवढा आठवड्याच्या आत प्रभुला दे.

८ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी आईला सांगितलं. क्रमाने, वर लिहिलंय तसंच. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकेपर्यंत निवडत राहिली.

मग तिने विचारलं, “तू काय केलंस?”

“काही नाही.”

“काही बोललीस?”

“नाही.”

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. देठं गोळा करत बसली. मग म्हणाली, मला आठवतं, तू तिसरीत असताना कुणी आडनाव विचारलं की पुढं पळायचं, उत्तर द्यायचं नाही, असं मीच तुला शिकवलं. रोज शाळेत जाताना घोकून घ्यायचे. तू इतकं चांगलं शिकलीस, की मला वाटलं, चला, एक काळजी मिटली.

पप्पांनी बातम्यांचा आवाज बारीक केला होता.

आई म्हणाली, “तेव्हा ते बरोबर होतं. ते तुला पुरलं असतं, तर मी आत्ता काही बोलले नसते.”

मी विचारलं, नोकरी गेली तर? सोलापुरात हे काम करणाऱ्या फर्म किती आहेत, ते दोघांनाही माहीत आहे. पुण्याला मला जायचं नाही.

पप्पा म्हणाले, “तो हिशोब उद्याही करता येईल.” मग टीव्हीकडे बघतच म्हणाले, “सरांना वाटतं तू बोलत नाहीस. हे त्यांनी कशावरून ठरवलं?”

मी म्हणाले, चार वर्षांवरून.

“माग चालू असताना बघितलं असेल,” पप्पा म्हणाले.

मी पप्पांना सोमवारच्या चाचणीचं सांगितलं होतं. ते इतकं लक्ष देऊन ऐकत असतील, असं मला वाटलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी प्रभुचा मेसेज: ‘मी सरांना अजून काही बोललो नाही. तू काय ठरवतेस ते आधी सांग.’ मी उत्तर दिलं, मी आज लिहिते आहे, तू तुझं ठरव.

मग सरांना पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. पहिल्यात मालकांचे सगळे शब्द होते. दुसऱ्यात जेऊर होतं, नारळ होता. ते दोन्ही फाडले. तिसरं टाइप करून दुपारी सरांच्या टेबलावर ठेवलं आणि ईमेलनेही पाठवलं. त्यांनी ते माझ्यासमोर वाचलं. वाचताना चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “कीर्ती, एवढं लिहायची काय गरज होती? बोलली असतीस की.”

मी म्हणाले, “सर, तुम्हीच म्हणालात मी बोलत नाही.”

मी जागेवर येऊन बसले.

पत्राची प्रत इथे ठेवते.

आदरणीय सोमशेखर सर,

१ ऑक्टोबरला शेडचा आवाज चालू राहिला. त्याचे कारण मी सोबत जोडले आहे. जुन्या ॲम्प्लिफायरला फक्त अवस्था पलटण्याची आज्ञा कळते आणि तो उत्तर देत नाही. तो बंद असल्याचे मी गृहीत धरले, आणि त्याची चाचणी माग चालू असताना घेतली. ही माझी चूक आहे. दुरुस्ती झाली आहे. तेवढ्या भागाखाली मी सही केली आहे.

अहवालातील दुसऱ्या वाक्याखाली मी सही करणार नाही. शेडमध्ये खरखर नव्हती. संभाषण स्पष्ट ऐकू आले. मी तिथे होते.

माळशिरसच्या सभागृहाचा प्रोग्राम तयार आहे. तो ट्रस्टसमोर मी मांडणार का आणि कागदावर माझे नाव असणार का, हे मला लेखी कळवावे. माझे असेल, तर ठरलेल्या दिवशी मी माळशिरसला येते. माझे नसेल, तर फर्ममधला माझा शेवटचा दिवस ३१ ऑक्टोबर धरावा. तोपर्यंतचे काम मी पूर्ण करीन आणि प्रभुला समजावून देईन.

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे असावे. उत्तर आले नाही, तर त्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावणार नाही, आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तुम्हीही लावू नये.

कृपया बुधवार, १५ ऑक्टोबरपर्यंत लेखी उत्तर द्यावे.

कीर्ती यशपाल सर्वगोड